इमारत स्वयंचलन व सुरक्षा प्रणाली
इमारतीतील वातानुकूलन, प्रकाशयोजना, उद्वाहन (लिफ्ट), अग्निसूचना, प्रवेशनियंत्रण व सीसीटीव्ही यांचे एकाच नियंत्रणकक्षातून संचालन करणारी संगणकाधारित यंत्रणा. अमेरिकेतील वॉरन जॉन्सन यांना 1883 मध्ये मिळालेले विद्युत् तापनियंत्रकाचे एकस्व हा तिचा आरंभबिंदू (पहा : तापनियंत्रक). निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे परस्परांशी जोडणारे ‘बॅकनेट’ हे संदेशवहन मानक 1995 मध्ये आले. संवेदक, नियंत्रक व मध्यवर्ती संगणक असे प्रणालीचे तीन स्तर असतात.

एकात्मतेची खरी कसोटी आगीच्या वेळी लागते. धूरसंवेदकाचा इशारा मिळताच हवा खेळवणारे पंखे थांबतात, जिन्यांत धूर शिरू नये म्हणून तेथील हवेचा दाब वाढवला जातो, उद्वाहने तळमजल्यावर येतात आणि सुटकेच्या मार्गावरील विद्युत् कुलुपे उघडतात. वीज गेली तरी ही कुलुपे उघडीच राहणे अत्यावश्यक असते (पहा : अग्निसुरक्षा). महाराष्ट्रात यासंबंधी 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरून पाच जण मृत्युमुखी पडले. याच इमारतीत 2025 मध्ये चेहरा ओळखून प्रवेश देणारी यंत्रणा सुरू झाली (पहा : जीवमापन).