मांजरसुंब्याचा फाटा

श्रोतेहो, रस्त्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो कोणी बांधला एवढे सांगून भागत नाही. तो तेथूनच का गेला आणि त्याला वाटा कोठे कोठे फुटल्या, हेही पाहावे लागते. त्यासाठी आपण बीडच्या दक्षिणेस मांजरसुंब्यास जाऊ.

येथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ पंजाबातील संगरूर येथे निघतो आणि सहा राज्ये ओलांडून कर्नाटकात अंकोल्यास समुद्राजवळ पोहोचतो. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. त्यापूर्वी यातील धुळे ते सोलापूर एवढ्या भागास २११ म्हणत, आणि आपल्याकडील पुष्कळ वाहनचालक अजूनही तेच म्हणतात.

क्रमांक दिल्लीत ठरला. वाट मात्र बालाघाटाने ठरविली. छत्रपती संभाजीनगरहून आलेला रस्ता शहागडास गोदावरी ओलांडतो, गेवराई मागे टाकतो आणि बीडपर्यंत सपाटीने येतो. पुढे डोंगर आडवा येतो. पालीवरून घाट चढून मांजरसुंब्यास गेले की आपण पठारावर असतो. या डोंगरातले बिंदुसरेचे पाणी उत्तरेस बीडकडे उतरते, तर पठारावरील मांजरा पूर्वेची वाट धरते. तिला पारगावजवळ ओलांडून रस्ता येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर करीत सोलापूर गाठतो.

आता फाटे पाहा. गेवराई तालुक्यात गढीपाशी माजलगावचा रस्ता फुटतो. मांजरसुंब्यास तर चौकच आहे : पश्चिमेस पाटोदा व जामखेड, पूर्वेस केज व अंबाजोगाई. या आडव्या रस्त्याचा क्रमांक ५४८ डी. नव्या पद्धतीत तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा, आणि शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे. म्हणजे कागदोपत्री हा रस्ता दूरच्या ४८ क्रमांकाच्या, मुंबई-पुण्याकडील महामार्गाची शाखा ठरतो! गावकऱ्याला तो केवळ केजचा रस्ता.

याच परिसरात कपिलधारची वाट आहे. दरीत धबधबा, आणि तेथे ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेस वीरशैव समाजाच्या दिंड्या मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून पायी येतात. महामार्ग हा शब्द रूढ होण्यापूर्वीपासून या डोंगराला भक्तांची पायवाट ठाऊक आहे. नकाशात ती उपशाखा असेल. तिच्यावरून चालणाऱ्यास तोच मुख्य रस्ता.

रस्त्याचे एवढे कौतुक का, असे कोणी विचारील. निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला तो जालना-परभणीवरून. बार्शीची छोटी गाडी लातुराकडे गेली. बीड मध्येच राहिले. १९४८ साली निजामी संपली, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे येण्यास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. तोवर कापूस गेला तो रस्त्याने, रुग्ण गेला तो रस्त्याने आणि ऊसतोडीची कुटुंबे दर हंगामात घर सोडून गेली तीही रस्त्यानेच.

मधल्या काळात येडशी ते संभाजीनगर हा सुमारे १८९ किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला. वेळ वाचला, हे निःसंशय. परंतु रुंद रस्ता लांबच्या प्रवाशास जितका जवळ आणतो तितकाच पलीकडच्या शेतास दूर नेतो. ज्याला मधला दुभाजक ओलांडून जावयाचे आहे, त्या बैलगाडीवाल्याचा, शाळकरी मुलाचा, दिंडीतल्या म्हातारीचा हिशेब वेगाच्या गणितात सहज राहून जातो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : महामार्गाची लांबी मोजताना त्याचे फाटेही मोजावेत. संगरूरहून अंकोल्यास अथपासून इतिपर्यंत जाणारा प्रवासी विरळा. बाकी सारे कोठल्या तरी फाट्यावर चढतात आणि कोठल्या तरी फाट्यावर उतरतात. तेथे उतरणाऱ्याला सुखरूप पलीकडे जाता आले, तरच तो मार्ग महा म्हणावा.