अंटार्क्टिका

दक्षिण ध्रुवाभोवती पसरलेले, दक्षिण महासागराने वेढलेले खंड. क्षेत्रफळ सु. १.४ कोटी चौ. किमी., म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. ९८ टक्के भूभाग बर्फाखाली. मूळ रहिवासी नाहीत. संशोधक येतात, राहतात आणि परततात.

भूरचना : नकाशावर या खंडाचा म्हणून जो किनारा दिसतो, तो पुष्कळ ठिकाणी जमिनीचा नसून बर्फाचा आहे. सरासरी सु. दोन किमी. जाडीचा बर्फ स्वतःच्याच भाराने समुद्राकडे सरकतो आणि पाण्यावर तरंगत पुढे पसरतो. अशा आइस शेल्फपैकी सर्वांत मोठे रॉस हे जवळजवळ फ्रान्सएवढे आहे. सु. ३,५०० किमी. लांबीची ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग खंडाचे दोन असमान भाग करते. पूर्वेकडील मोठा भाग म्हणजे गोंडवन या महाखंडाचा प्राचीन तुकडा. भारतीय द्वीपकल्प एके काळी त्याला लागून होते. पश्चिमेकडचा बराचसा तळखडक समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेथील हिमनद्यांना तुलनेने उबदार समुद्रपाणी खालून झिजवते, म्हणून हवामानतज्ज्ञांचे लक्ष थ्वेट्ससारख्या हिमनद्यांवर खिळलेले असते. सर्वोच्च शिखर व्हिन्सन (४,८९२ मी.). रॉस बेटावरील एरेबस हा जागृत ज्वालामुखी आहे.

हवामान : आतल्या पठारावर वर्षाला पाच सेंमी. पावसाइतकेही हिम पडत नाही. एवढ्या बर्फाचा हा प्रदेश व्याख्येने वाळवंट ठरतो. पडते थोडे, पण वितळत नाही. व्होस्टॉक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२° से. तापमान नोंदले गेले.

समन्वेषण : जेम्स कुकने १७ जानेवारी १७७३ रोजी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले, खंड मात्र त्याला दिसले नाही. ते दिसले १८२० मध्ये, बेलिंग्सहाउझेन आणि ब्रॅन्सफील्ड यांना काही दिवसांच्या अंतराने. पहिला मान कोणाचा, यावर रशियन आणि ब्रिटिश लेखक आजही आपापली बाजू मांडतात. १४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड अमुंडसेन ध्रुवावर पोहोचला आणि १७ जानेवारी १९१२ रोजी रॉबर्ट स्कॉट. या शर्यतीवर अमाप लिहिले गेले आहे, पण भूगोलाच्या दृष्टीने तिचे मोल बेताचेच. परतताना मृत्युमुखी पडलेल्या स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढून आणलेले सु. १६ किग्रॅ. दगड अधिक मोलाचे ठरले. त्यांत ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म होते. तीच वनस्पती नागपूरजवळच्या कामठी येथील खडकांतही सापडते. गोंडवन एकसंध होते याच्या पुराव्यांपैकी हा एक.

खरे भूमिसमन्वेषण ध्रुवविजयानंतर चार दशकांनी सुरू झाले. नॉर्वे, ब्रिटन व स्वीडन यांच्या संयुक्त मोहिमेने (१९४९–५२) बर्फात सुरुंग उडवून, तळावर आपटून परतणाऱ्या लहरींच्या वेळेवरून बर्फाची जाडी काढली. १९५८ मध्ये सोव्हिएट पथकाला याच पद्धतीने गॅम्बुर्त्सेव्ह पर्वत सापडले. आल्प्सच्या तोडीची ही रांग संपूर्ण बर्फाखाली आहे. तिचा खडक उघड्यावर कोठेही दिसत नाही. पुढे विमानातून रेडिओलहरी सोडून हे काम वेगाने होऊ लागले, कारण बर्फातून त्या आरपार जातात आणि खडकावरून परततात. जवळजवळ चार किमी. बर्फाखालचे व्होस्टॉक सरोवर अशा मोजणीतूनच लक्षात आले. डेनमन हिमनदीखालची घळई समुद्रसपाटीपासून सु. ३,५०० मी. खोल असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तळनकाशाने दाखवले.

करार : १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. त्याने लष्करी हालचालींना बंदी घातली. प्रादेशिक दावे मिटवले नाहीत, नुसते गोठवले. खनिज-उत्खननावरील बंदी १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने आली.

भारत : सय्यद जहूर कासीम यांच्या नेतृत्वाखालील पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघून ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आइस शेल्फवर उभारलेला ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला तळ काही वर्षांतच हिमाखाली गाडला जाऊ लागला आणि सोडावा लागला. त्यानंतरचे ‘मैत्री’ (१९८९) व ‘भारती’ (२०१२) हे दोन्ही तळ उघड्या खडकावर बांधले आहेत. मोहिमांचे नियोजन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.