बियाण्याची पारख आणि राज्यसंस्था : खानदेश परिसरातील कापूस व गांजा

प्रस्तावना

खानदेशच्या कृषी-इतिहासात बियाण्याचा प्रश्न निघाला की अभ्यासकाची लेखणी आपोआप कापसाकडे वळते. ते स्वाभाविक आहे. मात्र ज्या प्रशासनाने कापसाच्या बियाण्याची एवढी काळजी वाहिली, त्याच प्रशासनाच्या दप्तरात गांजा या पिकाचीही नोंद होत होती. कापसाचे चांगले बी कोणते, हे ठरविणे शासनाने आपले कर्तव्य मानले. गांजाच्या बाबतीत शासनाने उत्पादन मोजले, कर घेतला आणि अखेरीस बंदी घातली. बियाण्याची पारख मात्र शेतकऱ्यावरच सोडून दिली. या दोन वागणुकींतील तफावत व तिचे परिणाम तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कापसाचे उदाहरण

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासू लागली आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला अचानक जागतिक महत्त्व आले. त्या दशकात खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी स्थानिक आखूड धाग्याच्या कापसाऐवजी हिंगणघाटचे बियाणे आणवून ते जिल्हाभर पसरविण्याचा आग्रह धरला. भेसळीला आळा घालण्यासाठी १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र कायदाही झाला. तरीही हा आग्रह फार काळ टिकला नाही. भरड वाण उतारा जास्त देत होता आणि रुईचे प्रमाणही त्यात अधिक होते. शेतकऱ्याने गिरणीवाल्याच्या सोयीपेक्षा स्वतःची सोय पाहिली, यात गैर ते काय? पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कृषिखात्यानेही शेतकऱ्याचे हे गणित मान्य केले व ‘एन. आर.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भरड वाणाचे शुद्ध बियाणे वाटले. त्यानंतर जरीला, विरनार अशी नावे आली. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे बनली. संशोधन केंद्र, बीजवृद्धी, वाटप आणि नोंदी अशी एक अखंड साखळी या भागात उभी राहिली. ‘चांगले बी’ म्हणजे काय यावर शासन व शेतकरी यांचे मतभेद झाले, पण ते मतभेद कागदावर उतरले, हे महत्त्वाचे.

दोन नियंत्रित पट्ट्यांच्या मध्ये

गांजाच्या संदर्भात खानदेशचे स्थान निराळे होते. मुंबई इलाख्यातील गांजाचे प्रमुख पीक तत्कालीन अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होते. खानदेशच्या ईशान्येस मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या आसपास, सरकारी देखरेखीखाली गांजा पिकविला जाई. मुंबईहून भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा या मार्गाने जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूरपर्यंत पूर्ण झाला आणि हा पट्टा थेट खानदेशाशी जोडला गेला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूबरोबरच इतर मादक द्रव्येही अबकारीच्या कक्षेत आणली होती.

या साऱ्या व्यवस्थेची सर्वांत विस्तृत तपासणी १८९३–९४ च्या भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाने केली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष असलेल्या या आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या. मर्यादित सेवनाने सर्वसाधारणतः गंभीर अपाय होत नाही, संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, मात्र लागवड परवान्याखाली व मर्यादित क्षेत्रात असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाच्या मनात बंगालमधील राजशाही जिल्ह्यातील नौगाव येथील पद्धतीचा आदर्श होता. तिच्याविषयी हेमचंद्र कर यांनी १८७७ मध्ये आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी १८९३ मध्ये अहवाल लिहिले होते. गांजाच्या शेतीतले बारकावे इतक्या जवळून पाहणारे लेखन आपल्या भागाविषयी झाले नाही.

पारख कशाची?

येथे वनस्पतीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. गांजाच्या पिकात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात आणि परागकण वाऱ्याने उडतात. परागसिंचन झाले की मादी झाडाची शक्ती बी भरण्याकडे वळते व तिच्या फुलोऱ्यातील राळ कमी पडते. बाजारात दर मिळे तो बियाविरहित, चिकट फुलोऱ्याला. म्हणून परागकण मोकळे होण्यापूर्वी शेतातील नर झाडे ओळखून उपटून टाकणे हेच या शेतीचे मुख्य कौशल्य. नौगावात त्यासाठी ‘पोद्दार’ नावाचे जाणकार मजुरीवर फिरत. इंग्रज अधिकारी त्यांना ‘गांजा डॉक्टर’ म्हणत.

यातून एक विचित्र पेच निर्माण होतो. कापूस वेचला की सरकी हाती येते. पीक जितके चांगले, तितके बी अधिक. गांजाच्या बाबतीत पीक जितके निर्दोष, तितके बी कमी. नजरेतून सुटलेले एखादे नर झाड किंवा हंगामाच्या शेवटी मादी झाडावरच उमललेली काही नरफुले, यांतून जे बी धरे त्यावर पुढच्या वर्षाची पेरणी अवलंबून असे. कसबी शेतकऱ्याच्या शेतातले बी अशा रीतीने त्याच्या चुकीतून येई. म्हणूनच ‘उत्तम बियाणे’ ही कल्पना या पिकात बियाण्याच्या दुकानाशी किंवा शासकीय प्रक्षेत्राशी जुळत नाही. ती माणसाच्या डोळ्याशी जुळते. अबकारी अधिकाऱ्याला मात्र तोललेल्या मालाशीच कर्तव्य होते.

विसाव्या शतकातील वळण

हाच पेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत निराळ्या रीतीने सुटला. १९७० नंतर अमेरिकेतील व पुढे नेदरलँडमधील हौशी उत्पादकांनी अफगाणिस्तान, मेक्सिको, कोलंबिया, थायलंड येथील पारंपरिक वाण एकत्र आणून संकर केले. त्यांतून नावाजलेले वाण, वाण घडविणारे पैदासकार व बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. घरगुती लागवड करणाऱ्याला पोद्दाराची गरज उरू नये म्हणून केवळ मादी रोपे देणारे बियाणेही बाजारात आले. त्यामागील शास्त्राचा एक महत्त्वाचा धागा भारतातला आहे. दिल्ली विद्यापीठाचे एच. वाय. मोहन राम आणि आर. सेट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात चांदीच्या संयुगांच्या साहाय्याने मादी झाडावर फलनक्षम नरफुले आणता येतात, हे दाखविले. अशा परागापासून धरलेले बी मादी रोपेच देते. या शोधानंतर अवघ्या तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम भारतात लागू झाला.

या अधिनियमातील व्याख्या आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. फुलोरा हा गांजा. फुलोऱ्यापासून सुटे असलेले बी व पान गांजात मोडत नाही. म्हणजे बी कायद्याच्या बाहेर, पण ते परवान्यावाचून मातीत टाकले की गुन्हा. त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड. घरामागील एका कुंडीचाही अपवाद नाही. राज्य शासनाला परवाना देण्याचा अधिकार कलम १० मध्ये, तर केवळ धागा, बी किंवा बागकामासाठी लागवडीस मुभा देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडाने कमी मादकतेच्या वाणासाठी परवाना-पद्धती सुरू केली, आणि २०२१ मध्ये या झाडाचे बी व त्याचे तेल यांना अन्नपदार्थ म्हणून देशात मान्यता मिळाली. वाणाची निवड हा प्रश्न शासनाने प्रथमच हाती घेतला तो असा, मादकता नसलेल्या वाणापुरता.

खानदेशात मात्र हा विषय आज वाचायला मिळतो तो पोलिसी कारवाईच्या बातम्यांतून. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस व तुरीच्या आडोशाने किंवा वनजमिनीवर लावलेला गांजा उपटून नष्ट केल्याच्या बातम्या वारंवार प्रसिद्ध होतात. आरोपी बहुधा अल्पभूधारक आदिवासी शेतकरी असतो. माल उचलणारा व्यापारी क्वचितच दिसतो. त्याच शेतातील कापसाच्या बियाण्याचे पाकीट, त्यावरील कंपनीचे नाव, गट क्रमांक व उगवणशक्तीची टक्केवारी दुकानदाराच्या पावतीसह उपलब्ध असते. शेजारच्या ओळीतील झाडांची संख्या, वजन आणि अंदाजे किंमत बातमीत येते. ते बी कोणी राखले, कोणत्या झाडावरून धरले, ते सातपुड्यातलेच जुने वाण की बाहेरून आलेले, हे कोणी विचारलेले आढळत नाही. धुळे व जळगाव येथील न्यायालयांच्या निकालपत्रांत आणि आरोपींच्या जबाबांत याची काही उत्तरे दडलेली असू शकतील. इतिहासाच्या व वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी एकत्र बसून ती कागदपत्रे वाचावयास हवीत.