सत्कर्म आणि हेतू : कोवलम व तंजावर

सत्कर्माचे मोल त्याच्या हेतूवरून ठरवावे की फळावरून, हा ख्रिस्ती नीतिविचारातील जुना पेच आहे. पर्वतावरील प्रवचनात दान गुप्तपणे करावयास सांगितले आहे. इतिहासकाराला मात्र उघड झालेल्या दानाचेच पुरावे मिळतात. चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या कोवलमचे कार्मेल मातेचे चर्च हा असाच एक पुरावा. मद्रासमधील पोर्तुगीज वंशाचा धनाढ्य व्यापारी जॉन डी माँटे याने ते १८०८ मध्ये बांधविले आणि १८२१ मध्ये त्याचे दफनही तेथेच झाले. कॅथलिक परंपरेत दान व मृतांसाठीची प्रार्थना यांचा निकटचा संबंध आहे. त्यामुळे आपण बांधलेल्या मंदिरातच विसावणाऱ्या दात्याच्या ठायी भक्ती किती आणि आत्मकल्याणाची चिंता किती, अशी विभागणी मुळात कृत्रिमच म्हणावी लागेल.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून गुंतागुंतीचे उदाहरण तंजावरचे आहे. ल्यूथरपंथी मिशनरी ख्रिश्चियन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ (१७२६-१७९८) हा ज्या पायटिस्ट परंपरेत वाढला, तिला सत्कर्मातून पुण्यसंचय ही कल्पनाच मान्य नव्हती. तारण केवळ कृपेने, आणि कर्म हे श्रद्धेचे फळ. परंतु हाच श्वार्ट्‌झ ईस्ट इंडिया कंपनीचा वेतनभोगी धर्मोपदेशकही होता. १७७९ मध्ये कंपनीच्या वतीने तो श्रीरंगपट्टणास हैदरअलीकडे गेला. शांततेसाठी झटणे हे त्याला धर्मकार्य वाटले असेल. कंपनीला त्यात राजकारण दिसले. हैदरच्या स्वारीनंतर दुष्काळ पडला, तेव्हा उपाशी लोकांसाठी धान्य मिळविताना शेतकऱ्यांनी सरकारपेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

तुळजाजीने दत्तक पुत्र सरफोजी याला त्याच्या स्वाधीन करू पाहिले, तेव्हा त्याने प्रथम नकार दिला. पुढे मात्र अमरसिंहाच्या विरोधात तो या बालकाचा पाठीराखा झाला. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आला आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. या फळावरून श्वार्ट्‌झचा हेतू ठरविणे मात्र अन्यायाचे होईल, कारण तहापूर्वीच त्याचे निधन झाले होते. शिवाय शिष्याचे धर्मांतर त्याला साधता आले नाही. सरफोजी अखेरपर्यंत शैवच राहिला. गुरूविषयीची त्याची निष्ठा हेतुशून्य नव्हती, पण धर्मांतराच्या मोबदल्यातही मिळाली नव्हती, ही बाब मिशनऱ्यांच्या चरित्रकारांनी पुरेशी तोलली नाही.

गुरूच्या स्मरणार्थ राजाने जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले आणि ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. त्यात मरणासन्न श्वार्ट्‌झचा हात हाती धरलेला सरफोजी दिसतो.