मूत्रपिंडाबरोबर येणारा ताप

गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय भागांत पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ भामरागड वसलें आहे. भोंवतीं दाट अरण्य, पावसाळ्यांत तुटणारे रस्ते आणि घरोघर ओळखीचा झालेला हिंवताप. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं जवळच्या हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना तेथें ज्या रोगांशीं झुंजावें लागलें, त्यांत हिंवताप अग्रभागीं होता. या दूरच्या अरण्याचा आणि शहरांतील मूत्रपिंड-रोपणाचा संबंध काय, असें आपण विचाराल. तो संबंध रक्ताचा आहे.

१८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु पाहिले. तेव्हांपासून डांस हाच अपराधी ठरला. परंतु जंतूला अमुकच वाहन हवें असें नाहीं. एकाचें रक्त दुसऱ्यास देतांना तो सुईवाटेंही जातो, हें पुढें दिसून आलें. म्हणूनच आज आपल्या देशांत दान केलेल्या रक्ताची हिंवतापासाठीं तपासणी सक्तीची आहे.

२३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें. दोघांची घडण मूळचीच एक, म्हणून तें टिकलें. परक्याचें मूत्रपिंड टिकविण्यास मात्र प्रतिकारशक्ति औषधांनीं दाबावी लागते. अशीं औषधें पुढील दशकांत हातीं आलीं, आणि १९७१ सालीं वेल्लोर येथें भारतांत यशस्वी रोपण झालें. पण पाहुण्याला आंत घेण्यासाठीं देवडीवरच्या पहारेकऱ्यास झोंपविलें, कीं चोरालाही वाट मोकळी होते. मूत्रपिंड थंड द्रवानें धुतलें तरी त्यांत थोड्या रक्तपेशी राहतात. त्यांतून हिंवताप रोग्याच्या अंगांत शिरल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत.

येथें भामरागडसारख्या प्रदेशाचें महत्त्व कळतें. बालपणापासून वारंवार हिंवताप सोसलेल्या प्रौढाच्या रक्तांत जंतु असूनही त्यास ताप नसतो. तो धट्टाकट्टा दिसतो, लांकडें तोडतो, शेत कसतो. अशा दात्यास केवळ “प्रकृति कशी आहे?” असें विचारून भागत नाहीं, “आपण कोठें राहिलां, कोणते ताप आले?” हेंही विचारावें लागतें. सूक्ष्मदर्शकाखालीं थोडे जंतु निसटूं शकतात, म्हणून अधिक सूक्ष्म परीक्षाही करावी लागते.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत किती, हें २००४ सालीं अमेरिकेंत दिसलें. एका मृत दात्याचें यकृत व दोन्ही मूत्रपिंडें तिघांना बसविलीं. त्याच्या रक्तवाहिनीचा तुकडा चौथ्या रोग्यास लावला. चौघेही अलर्करोगानें मरण पावले. दात्यास वटवाघूळ चावलें होतें, हें मागाहून कळलें.

यावरून अरण्यवासी दात्यास दूर लोटावें असें मात्र कोणी समजूं नये. हिंवतापावर औषध आहे. जिवंत दात्यास आधीं बरें करून मग त्याचें दान घेतां येतें. दाता मृत असेल तर रोग्यावर वेळींच उपचार करतां येतात. घात होतो तो जंतु असल्यामुळें तितका नव्हे, जितका तो ठाऊक नसल्यामुळें. म्हणून आपल्या घरांत असा प्रसंग आला, तर दात्याच्या गांवाची व जुन्या तापांची हकीगत डॉक्टरांस आपण होऊन सांगावी.