हैदराबादचे रस्ते आणि सायकल

शहराचा इतिहास राजवाड्यांच्या व दरबारांच्या आधारे लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या राजवाड्यांसमोरून सामान्य माणूस रोज कसा ये-जा करी, याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. हैदराबादच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण येथील प्रमुख रस्ते एका आपत्तीनंतर जाणीवपूर्वक आखले गेले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने अफझलगंज व नदीकाठच्या वस्त्यांची वाताहत केली. त्यानंतर १९१२ साली ‘आराइश-ए-बलदा’ हे नगरसुधार मंडळ स्थापन झाले. दाट वस्तीतून रुंद मार्ग काढण्यात आले. पत्थरगट्टीची कमानदार दगडी दुकाने ही त्याच मंडळाची निर्मिती. पुढे प्रमुख रस्त्यांवर सिमेंट काँक्रीटही आले. हे रस्ते सायकलसाठी केले नव्हते हे खरे. सरदारांच्या मोटारी मंडळासमोर अधिक असाव्यात. परंतु धूळ व चिखल यांपासून मुक्त झालेल्या त्या वाटांचा सर्वांत मोठा लाभ सायकलस्वारालाच झाला. दख्खनच्या खडकावर वसलेल्या या शहराचे चढ तेवढे कोणाला बुजवता आले नाहीत!

जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. तरीही कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांच्या आटोक्यातले स्वतःचे वाहन सायकल हेच राहिले. १९३९ साली उस्मानिया विद्यापीठाचे कला महाविद्यालय अडिकमेटच्या नव्या वास्तूत गेले. परभणी, नांदेड, औरंगाबादकडील मराठी मुले तेव्हा शिक्षणासाठी या राजधानीत येत, कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. कोठी, जांबाग, इसामिया बाजार या मराठी वस्तीच्या भागांपासून अडिकमेट सुमारे पाच किलोमीटर. स्वतःची सायकल नसेल, तर दुकानातून तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळे. ग्रंथालयात पुस्तक बदलून दिवेलागणीला घरी परतणाऱ्या मुलाची कोणी फारशी काळजी करीत नसे.

ही निर्धास्तता हळूहळू लोपली. मोटारी व स्कूटरी वाढल्या हे एक कारण. दुसरे, रस्त्यांची सुधारणा मोटारीच्याच सोयीने होत गेली. एकदिशा मार्गाने मोटारीला पडणारा वळसा दोन मिनिटांचा. पाय मारणाऱ्याला तो अर्ध्या मैलाचा शीण. उड्डाणपुलाचा चढ इंजिनाला जाणवत नाही, मांड्यांना जाणवतो. रस्त्याची डावी कड, जी सायकलची हक्काची जागा, तीच उभ्या वाहनांनी व थांबणाऱ्या बसगाड्यांनी व्यापली. मग सायकल उरली ती दुसरे साधन न परवडणाऱ्यांकडे, आणि त्यांचे गाऱ्हाणे नगररचनाकारांच्या कानी सहसा पोहोचत नाही.

रस्ते माणसांसाठी आहेत, वाहनांसाठी नव्हेत, हा विचार केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्टपणे मांडला गेला. हैदराबादेत त्याला मिळालेले सर्वांत भव्य रूप म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ रोजी बाह्य वळण रस्त्यालगत खुला झालेला सायकल मार्ग. लांबी २३ किलोमीटर, वर सौर पट्ट्यांचे छप्पर, त्यांची वीजनिर्मिती क्षमता १६ मेगावॅट. नानकरामगुडा, नरसिंगी, कोल्लूर या पश्चिमेकडील नव्या वस्त्यांना जोडणारी ही योजना कौतुकास्पद खरीच. उन्हाचा विचार करून सायकलमार्ग बांधणे ही गोष्ट आपल्या देशात विरळाच. परंतु जुन्या शहरातील शिंप्याला किंवा काचीगुड्याच्या विद्यार्थिनीला तिचा उपयोग कोणता? तेथे जाण्यासाठी अनेकांना आपली सायकल मोटारीवर बांधून न्यावी लागते, आणि व्यायाम आटोपून तशीच परत आणावी लागते.

७ फेब्रुवारी २०२० रोजी सुलतान बाजारातून मेट्रो धावू लागली. स्थानकाशी सायकल सुरक्षित ठेवण्याची जागा आणि तेथून शाळा, बाजार व ग्रंथालयापर्यंत कठड्याने वेगळी केलेली दोन-तीन हातांची पट्टी, एवढ्यावरही या भागातील पुष्कळ मुले पुन्हा सायकल बाहेर काढतील. पुरानंतर नगरसुधार मंडळाने भर वस्तीतून मार्ग काढले होते; येथे तर कोणाचे घर पाडावयाचे नाही, केवळ उभी वाहने हलवावयाची आहेत.