उभ्या बंबाचे छायाचित्र

जबलपुरात वाढलेल्या मराठी मुलाला एकाच गाडीची दोन नावे ठाऊक असतात. रस्त्यावर ती दमकल, घरात आगीचा बंब. ‘दमकल’मध्ये दम आहे आणि कल, म्हणजे यंत्र, हिंदीत हा शब्द आधी पाणी उपसण्याच्या पंपालाच होता. ‘बंब’ पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, त्याचाही अर्थ पंप. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्याच्या पोटात निखारे असत. त्यामुळे ज्याच्या आत आग आहे तो बंब आणि जो आग विझवतो तोही बंब, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नव्हते.

इंग्रजीत या गाडीच्या वेडाला स्वतंत्र शब्द आहे. न्यूयॉर्कमध्ये १८२०च्या सुमारास आग विझवणारे स्वयंसेवक फिकट पिवळ्या-तपकिरी, म्हणजे ‘बफ’ रंगाचे कोट घालत. आग कुठे लागली हे कळताच बघायला धावणाऱ्या शौकिनांना त्यावरून ‘बफ’ म्हणू लागले, असे कोशकार सांगतात. आज आपण एखाद्याला ‘फिल्म बफ’ म्हणतो, तेव्हा त्याला नकळत आगीच्या मागे धावायला लावतो.

त्या वेडाची एक शांत शाखा म्हणजे बंबांची छायाचित्रे काढणे. जळत्या घरासमोर कॅमेरा काढणे मला कधीच जमले नाही आणि जमू नये असेच वाटते. तिथे गाडीला वाट हवी असते, जवानांना मोकळी जागा हवी असते आणि ज्याचे घर जळते आहे त्याला आपण तिथे नको असतो. बंबाचे छायाचित्र काढायचे ते केंद्रावर, तो उभा असताना, फाटकाच्या आड न येता आणि विचारून. समोरून एक, बाजूने एक, मागून एक. मागचे विसरायचे नाही, कारण आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांचा पंप मागे असतो आणि गाडीचे खरे काम तिथेच दिसते.

अशा छायाचित्रात पाहण्यासारखे काय असते, असे लोक विचारतात. भारतात बंब सहसा एका कारखान्यातून अख्खा बाहेर पडत नाही. खालचा सांगाडा आणि इंजिन टाटा किंवा अशोक लेलँडसारख्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीचे, वरची टाकी, कप्पे, शिडीची चौकट दुसऱ्याच कारागिराकडची. म्हणून दोन गावांचे बंब क्वचितच सारखे असतात. नाकावरच्या चिन्हावरूनही वय ताडता येते. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ चालले. जुन्या छायाचित्रातल्या टाटाच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा दिसला की ती गाडी साधारण त्या काळातली समजावी. दारावर रंगवलेली नगरपालिकेची अक्षरे, घंटा आहे की भोंगा, होजच्या गुंडाळ्या कुठल्या कप्प्यात, हे सगळे लिहून कोणी ठेवत नाही. ते फक्त दिसते.

जबलपुरात या दिसण्याला वेगळी किंमत आहे. हे गाड्या बनवणारे शहर आहे. तोफगाड्यांचा कारखाना इथे १९०४ साली आला. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक आधी त्याच कारखान्यात तयार होऊ लागले, पुढे १९६९पासून व्हेइकल फॅक्टरीत. जोंगा नावाची जीपसारखी गाडी तर जबलपूरचे नावच अंगावर घेऊन फिरली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ याची ती आद्याक्षरे. या कारखान्यांसाठी किती मराठी कुटुंबे इथे येऊन राहिली! पण कारखान्याच्या भिंतीवर पाटी असते, ‘छायाचित्रण वर्जित’. १९२३च्या सरकारी गुपितांच्या कायद्यात ‘स्केच’च्या व्याख्येत छायाचित्रही धरले आहे, म्हणजे कॅमेरा आणि पेन्सिल यांचा गुन्हा एकच. कारखान्यांचे स्वतःचे बंबही त्या भिंतीआडच उभे असतात. ज्यांनी आयुष्यभर गाड्या बनवल्या त्यांच्या घरच्या आल्बमात लग्ने आहेत, मुंजी आहेत, भेडाघाटच्या सहली आहेत, गाडी नाही. उघड्यावर उभी राहणारी, हक्काने पाहता येणारी कामाची गाडी म्हणजे नगर निगमची दमकल.

तिच्याकडे जाण्याचा चांगला दिवस १४ एप्रिल. देशभर त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतात, गाड्या धुऊन रांगेत लावतात, प्रात्यक्षिके होतात. हा दिवस मुंबईचा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. जवान पाणी मारत राहिले आणि दुपारी चारनंतर, अर्ध्या तासाच्या आत, दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. सुधीश घटक या छायालेखकाने त्या हाहाकाराचे चित्रण केले होते. लष्कराने ते जप्त केले. काही भाग पुढे वृत्तचित्रात दाखवला गेला. बातमीसुद्धा आधी सैगॉनच्या जपानी ताब्यातल्या रेडिओने दिली. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवण्याची परवानगी मिळायला मे महिना उजाडला. ज्या दिवसाच्या नावाने आपण बंब सजवून उभे करतो, त्याच दिवसाचे चित्र काही काळ कुलपात होते. मला हे दरवर्षी आठवते.

आता कुलपाची भीती नाही, भंगाराची आहे. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. त्यात नगरपालिकांच्या गाड्याही आल्या. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना सूट आहे. नियम धुराच्या दृष्टीने योग्यच. तरीही बंबाचे वय वर्षांत मोजणे मला थोडे अन्यायाचे वाटते, कारण तो बहुतेक वेळ उभाच असतो. त्याच्या मीटरवरचे आकडे त्याच वयाच्या ट्रकपुढे अगदीच केविलवाणे. पण त्याचे ऐकून कोण घेतो? गाडी जाते, तिच्याबरोबर ती अक्षरे, ते कप्पे, तो भोंगाही जातो.

काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या दमकलचे बाजूने छायाचित्र घेत होतो. ड्रायव्हर दारापाशी येऊन कडीवर हात ठेवून उभा राहिला, हटेचना. त्याच्या खांद्याने अर्धे अक्षर झाकले. मनातून मी चरफडलो, पण क्लिक केले. मागच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो तर त्या जागेवर नवी गाडी होती, प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता. ड्रायव्हर तोच. मी फोनमधले चित्र काढून त्याच्या हातात दिले. त्याने दोन बोटांनी ते मोठे केले, पण स्वतःचा चेहरा पाहिला नाही. कप्प्यांवरून बोट फिरवत मागच्या चाकापर्यंत गेला, तिथल्या एका पोच्यावर थांबला आणि हसला.

“यह वाला मुझे भेज दीजिए,” म्हणाला. “घर में किसी ने यह गाड़ी देखी नहीं है.”